लगतचा भाग

करंजवड्याच्या नगरपालिकेत बायकांसाठी दोन जागा राखीव होत्या. त्यांतली एक माणकचंद शेठजींनी आपल्या सुनेला मिळवून दिली. मिळवून दिली म्हणजे अगदी तसंच. अर्ज त्यांनी भरला, सूचक-अनुमोदक त्यांनी गाठले, प्रचाराची जीपही त्यांचीच. चंद्रकांतानं फक्त डोक्यावरचा पदर सावरत जीपमध्ये बसायचं आणि हात जोडायचे. स्वतः शेठजी उभे राहिले असते तर लोकांनी त्यांच्या जमिनींच्या व्यवहारांकडे बोट दाखवलं असतं. सुनेकडे कोण बोट दाखवणार?

चंद्रकांता धुळ्याची. आग्रा रोडवर वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि मराठी शाळेतून ती मॅट्रिक झाली होती. सासरी आली तेव्हापासून या मारवाडी घरातली रीत तिनं पाळली. सासऱ्यांसमोर घुंघट, आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. त्यांच्या लेखी ती 'बीनणी', म्हणजे सून. काही सांगायचं झालं तर सासूच्या कानाशी सांगायचं. मोहनबाई मग ते मोठ्यानं नवऱ्याला सांगत. इतकी वर्षं एका छपराखाली काढून शेठजींनी सुनेचा आवाज धड ऐकलेला नव्हता.

सभेतही तिचं तसंच चाले. अध्यक्ष झुलाल आबांनी तिच्याकडे पाहिलं की ती हात वर करी. कसला ठराव, कुणाचा ठराव, घरी आल्यावर कुणी विचारत नसे, आणि तीही कुणाला सांगत नसे.

एकोणसत्तर सालच्या वैशाखात विशेष सभेची सूचना घेऊन शिपाई दारात आला. त्या दिवशी जेवण झाल्यावर शेठजी ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी दाराकडे न पाहता म्हटलं, "बीनणीला सांग. शुक्रवारची सभा माणकनगरच्या पैशाची आहे. रस्ता, दिवे आणि बगीचा. हात आपल्या बाजूला."

मोहनबाई आत वळून म्हणाल्या, "ऐकलंस ना?"

चंद्रकांतानं मान हलवली.

माणकनगर म्हणजे गावाच्या पूर्वेला, जरा उंचावर असलेलं शेठजींचं शेत. जळगावच्या खेपा घालघालून त्यांनी ते बिनशेती करून आणलं होतं आणि प्लॉट पाडले होते. असा लेआउट मंजूर करताना पालिका मालकाकडून विकासाची रक्कम भरून घेई. ज्याच्या जमिनीचं सोनं झालं त्यानं गावाच्या सोयींनाही हातभार लावावा, हा त्यामागचा विचार. रक्कम कुठे खर्चायची ते सभेनं ठरवायचं. मंजुरीच्या अटीत एक ओळ होती, 'सदर वसाहतीच्या व लगतच्या भागाच्या सुधारणेसाठी'. आता लगतचा भाग कुठला, यावर सगळ्या गावाचं डोकं फिरलं होतं.

कारण माणकनगरच्या खालच्या अंगाला नालापार होतं. तिथे डाळ मिलचे हमाल राहत, हातगाडीवाले राहत, दहा-बारा घरं भिलांची. त्यांना वसाहतीच्या मागून जाणारं मोठं दगडी गटार हवं होतं. ओव्हरसियरनं दोन्ही कामांचा अंदाज करून ठेवला होता. पैसा एकाच कामापुरता होता.

दुसऱ्या दिवशी कमलबाई डाळ निवडायला आली. ती नालापारची. सूप हातात घेत म्हणाली, "आक्का, सभा शे म्हने. तुमना हात कोनीकडे शे?"

"बाबूजी सांगतील तिकडे."

"ते बरोबर शे. पन एक डाव देखी ल्या. नुसतं देखी ल्या. मंग उचला हात, जठे उचलना तठे."

चंद्रकांता तिच्या सुपात आणखी डाळ ओतून आत गेली. पण संध्याकाळी जैन स्थानकातून प्रवचन ऐकून परतताना तिनं नेहमीची वाट सोडली. कमलबाई कोपऱ्यावर उभीच होती, जणू तिला ठाऊक होतं.

नालापारच्या घरांच्या मागच्या भिंती मातीच्या. त्यांवर माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर पाण्याची काळपट रेघ उमटलेली होती, घराघरातून एकसारखी. भिंतींच्या मागे पडीक जमिनीची एक पट्टी आणि पट्टीच्या वर माणकनगरचा बांध. त्या बांधातून सिमेंटचा एक रुंद पाइप बाहेर डोकावत होता. चंद्रकांतानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते सरळ घरांवर रोखलेलं होतं. पूर्वी या शेतातून एक ओहोळ वाहत असे आणि लांबून वळसा घेऊन नाल्याला मिळे. लग्न होऊन आली त्या साली हुरडा खायला घरचे सगळे तिथे गेले होते, ओहोळात पाय सोडून ती बसली होती. प्लॉट सपाट करताना तो बुजवला. पाण्यानं कुठे जायचं, तर या पाइपानं इथे.

एका दारात ताईबाई म्हातारी बसली होती. मांडीवर आठ महिन्यांचं नातवंड. चंद्रकांताला पाहून तिनं पोराच्या अंगावरचं फडकं नीट केलं.

"भादवामा पानी उनं," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. "मागनी भित पडनी. सून बाळंतीन व्हती. खाटवर टाकी काढी तिले. पन हीव भरनं तिले. आठ दिनमा गयी."

चंद्रकांताला बाळाकडे पाहवेना. "मागच्या वर्षीच आलं का पाणी? त्याआधी?"

"आधी कधी नही. पहिले पानी तिकडथून जाये. आते बठ्ठं आठेच येस."

परतीच्या वाटेवर कमलबाईनं काही मागितलं नाही. काही मागितलं असतं तर चंद्रकांताला सोपं गेलं असतं.

सभेच्या आदल्या दिवशी ती पालिकेत गेली, भत्त्याच्या कागदावर सही करायचं निमित्त काढून. व्हरांड्यात पंडित नाना भेटले. नाना वकील, विरोधी बाजूचे पुढारी, शेठजींचे जुने वैरी. कुठून तरी त्यांना ती नालापारला गेल्याची बातमी लागली होती.

"वहिनी, दोन्हीकडे हात सारखे आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमचा एक तिकडे जास्त. तो इकडे आला तर गटार झालंच म्हणून समजा. आणि सासऱ्याविरुद्ध सुनेनं हात वर केला, ही गोष्ट जळगावच्या पेपरात येईल. मी आणतो."

नालापारचं काम व्हावं असं नानांना वाटत होतं, यात शंका नव्हती. पण त्यांच्या डोळ्यांतली चमक गटारासाठी नव्हती. चंद्रकांता पदर ओढून पुढे गेली.

मुख्याधिकारी तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. ती दारात उभी राहिलेली पाहून ते खुर्चीतून उठले.

"साहेब, एक विचारायचं होतं. जमीन घरचीच असेल तर मत देता येतं का?"

त्यांनी तिच्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. "नाही, बाई. ज्याचा हितसंबंध आहे त्या सभासदानं तो सभेत सांगायचा आणि मत द्यायचं नाही. दिलं आणि कुणी जळगावला कलेक्टरांकडे गेलं, तर ठराव अडकेल."

"बाजूनं दिलं तर?"

"बाजूनं द्या की विरोधात, नियम एकच."

"मला आजवर हे कुणी का नाही सांगितलं?"

"आजवर कुणी विचारलं नाही," मुख्याधिकारी म्हणाले, आणि मग थोडं ओशाळून, "मलाही तुम्ही त्या घरच्या आहात हे कालच कळलं."

"मी मत दिलं नाही तर काय होईल?"

"समान मतं पडतील. मग अध्यक्षांचं निर्णायक मत."

अध्यक्ष म्हणजे झुलाल आबा. शेठजींच्या ओट्यावर रोज चहाला येणारा माणूस. हात तिकडे केला तर नालापार बुडालं. इकडे केला तर ठराव कलेक्टर कचेरीत लटकणार, आणि तोवर पावसाळा येऊन जाणार. गप्प बसली तर आबा शेठजींचंच ऐकणार. तिन्ही वाटा एकाच विहिरीकडे जात होत्या.

शुक्रवारी सकाळी तिचा नवरा सुरेशचंद दाढी करत होता. ती मागे उभी राहिली. आरशातूनच तो म्हणाला, "तू नालापारला गेली होतीस. पंडित नाना मुद्दाम दुकानावर येऊन मला खिजवून गेला."

"बाबूजींना कळलं?"

"अजून नाही." त्यानं वस्तरा खाली ठेवला. "चंदा, माझं ऐक. हे एकदा होऊन जाऊ दे. बगीचा झाला, रस्ता झाला की प्लॉट उठतील. मग बाबूजींकडूनच खाली एखादं गटार करून घेऊ. मी बोलेन."

"कधी बोलाल?"

त्यानं वस्तरा पुन्हा उचलून धार पाहिली. तो वाईट माणूस नव्हता. वडिलांसमोर उभं राहिलं की त्याचा आवाज घशातच अडके, एवढंच. तिनं टॉवेल त्याच्या हातात दिला आणि ती आत गेली.

सभा दुपारी होती. पालिकेच्या माडीवर लांब टेबल, भिंतीलगत प्रेक्षकांसाठी दोन बाकं. एका बाकाच्या टोकाला शेठजी येऊन बसले होते. स्वच्छ धोतर, काळी टोपी, हात काठीवर. जिन्यात नालापारची माणसं दाटीनं उभी होती. ताईबाईचा मुलगा लोटन सगळ्यात वरच्या पायरीवर होता. चंद्रकांतानं पदर इतका पुढे ओढला की तिला फक्त टेबलाची कड दिसत होती.

चर्चा तापायला वेळ लागला नाही.

"लगतचा म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेला," पंडित नाना म्हणाले. "नालापार नाही तर दुसरं काय आहे तिथे?"

शेठजींच्या बाजूचे रिखबचंद उठले. "नकाशा पाहा. मध्ये पडीक पट्टी आहे. पट्टी पालिकेची. तेव्हा नालापार लगत नाही, खाली आहे. खालच्या प्रत्येक घराला लगतचा भाग म्हटलं तर उद्या तापीपर्यंत गटार बांधावं लागेल."

काही लोक हसले. जिन्यात कुणी हसलं नाही.

"मागच्या भादव्यात घरं पडली त्याचं काय?"

"पाऊसच तसा होता. पाणी कुणाचं, कुठून आलं, कुणी पाहिलंय?" रिखबचंद म्हणाले. झुलाल आबांनी मान हलवली. गेला आठवडाभर गावात तेही हेच म्हणत होते, कुणी पाहिलंय?

चर्चा संपली. आबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रस्ता, दिवे आणि बगीच्याचा ठराव. तो पडला तर पैसा गटाराला. बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. आबांनी ते मोजले आणि सवयीनं चंद्रकांताकडे पाहिलं.

ती उभी राहिली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज तिला फार मोठा वाटला. बाकाकडे पाहायचं नाही एवढं तिनं ठरवलं होतं, पण तिथे कोण बसलंय ते तिच्या पाठीच्या कातडीला जाणवत होतं.

"अध्यक्षमहाराज, मी मत देणार नाही."

सभेत कुजबूज झाली. पंडित नाना पुढे झुकले. आबा गोंधळले. "म्हणजे काय, बाई? तब्येत बरी नाही का?"

"माणकनगर आमच्या घरचं आहे. माझा हितसंबंध आहे. नियमानं मला मत देता येत नाही."

आबांनी मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी होकार दिला. "बरं," आबा म्हणाले, "हितसंबंध, असं लिहून घ्या. बसा तुम्ही."

ती बसली नाही. "काय हितसंबंध आहे तेही लिहून घ्या."

आपला आवाज थरथरतोय हे तिला कळत होतं. तो थांबवण्याचा प्रयत्न तिनं सोडून दिला आणि थरथरत्या आवाजातच बोलत राहिली. "त्या शेतातून ओहोळ वाहत होता. मी तो पाहिलेला आहे. प्लॉट पाडताना आम्ही तो बुजवला. आता त्याचं पाणी आमच्या बांधातल्या पाइपानं निघतं आणि पट्टी ओलांडून नालापारच्या भिंतींवर जातं. मी जाऊन पाहून आले. पाणी आमच्या जमिनीतलं आहे. एवढाच माझा हितसंबंध."

रिखबचंद ताडकन उठले. "ही चर्चा झाली. मत द्यायचं नाही म्हणता आणि भाषण करता?"

"हितसंबंधाचं स्वरूप सांगणं नियमात बसतं," मुख्याधिकारी शांतपणे म्हणाले. लेखणी कागदावर चालत होती. खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीच्या चाकांची करकर वर ऐकू येत होती.

चंद्रकांता खाली बसली. आता मात्र तिला बाकाकडे पाहिल्यावाचून राहवेना. शेठजींचा चेहरा रागावलेला दिसत नव्हता. बाजारात ओळखीच्या माणसाला हाक मारावी आणि त्यानं वळून पाहिल्यावर तो दुसराच निघावा, तसे ते तिच्याकडे पाहत होते.

विरोधातले हात वर गेले. मोजले. दोन्ही बाजू सारख्या.

सगळ्यांचे डोळे झुलाल आबांकडे लागले. आबांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. ते शेतकरी माणूस. निम्मी मतं नालापारच्या अंगानं आलेली, आणि निवडणुकीची जीप शेठजींची. आठ दिवस एका प्रश्नाच्या आडोशाला ते उभे होते, आणि तो आडोसा त्या घरच्याच सुनेनं काढून घेतला होता. त्यांनी शेठजींकडे पाहिलं. शेठजींनी नजर दिली नाही, घेतलीही नाही.

"माणकभाऊ," आबा अखेर म्हणाले, "पाणी कुणाचं, कुणी पाहिलंय, असं मीच म्हणत होतो. आता तुमच्या घरातलं माणूस सांगतं की आपलं आहे. ते कागदावर चढलं. यानंतर लगतचा भाग नाही म्हणायचं, तर मला गावात तोंड कसं दाखवता येईल?" ते थांबले. "अध्यक्षाचं मत ठरावाच्या विरोधात. पैसा गटाराला."

जिन्यात आधी कुणाला खरंच वाटलं नाही. मग लोटन भिंतीला टेकून खाली बसला. शेठजी काठी टेकत उठले. माणसांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली आणि ते एकेक पायरी सांभाळत उतरून गेले. पंडित नाना चंद्रकांताचं अभिनंदन करायला पुढे आले, तेव्हा ती त्यांना वळसा घालून निघाली.

घरी ओसरीवर कुणी नव्हतं. मोहनबाई चुलीपाशी बसल्या होत्या. सूर्यास्ताच्या आत शेठजींचं ताट गेलं होतं आणि तसंच परत आलं होतं. मोहनबाईंनी सुनेकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला.

"तिला सांग, राजीनामा लिहून दे म्हणावं. उद्याच."

मोहनबाईंनी तोंड उघडायच्या आत चंद्रकांता उठली. दाराच्या चौकटीशी येऊन तिनं सासूकडे तोंड केलं, पण ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "माँजी, राजीनामा देते. पण गटाराचं काम सुरू झाल्यावर. आत्ता दिला तर लोक म्हणतील, ती बोलली ते खोटं होतं, आणि सभा पुन्हा बोलावतील."

सुरेशचंद जिन्यावर खाली मान घालून उभा होता. मग तो चार पायऱ्या उतरला आणि ओसरीच्या दारात गेला. "बाबूजी," तो म्हणाला, "ओहोळ मीही पाहिला होता." एवढंच बोलून तो तिथेच उभा राहिला. शेठजी उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

ज्येष्ठात नालापारच्या मागे खोदकाम सुरू झालं. ज्या दिवशी दगडांची पहिली गाडी उतरली, त्या दिवशी चंद्रकांतानं राजीनामा लिहून सासूच्या हातात दिला. तो मंजूर झाला. तिच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी सून आली.

पावसाळ्याआधी काम सगळं काही उरकलं नाही. भादव्यात दोन घरांत पाणी शिरलंच. पण भिंत एकही पडली नाही. माणकनगरात मात्र पुढची तीन वर्षं चिखल होता. प्लॉट घेणाऱ्यांतल्या काहींनी इसार परत मागितला. शेठजींनी तो एक शब्द न बोलता दिला. घरात कुणी चंद्रकांताला टाकून बोललं नाही. तिच्याशी फारसं कुणी बोललंही नाही. मोहनबाई गरजेपुरतं सांगत. सणावाराला नातेवाईक आले की बायका तिच्याकडे पाहून आवाज उतरवत. कधी कधी तिला वाटे, आपण गप्पच बसलो असतो तर बरं झालं असतं. मग डाळ निवडायला कमलबाई येई, ताईबाईचा नातू आता धावायला लागला म्हणून सांगे, आणि तो विचार दिवसभरासाठी मागे पडे.

बाहत्तर साली शेठजींनी रेल्वेच्या पलीकडे दुसरं शेत घेतलं. लेआउटचा नकाशा काढायला ड्राफ्ट्समन घरी आला होता. कागद पसरून तो पेन्सिल टेकवणार, तोच शेठजींनी त्याचा हात धरला.

"थांब जरा," ते म्हणाले. मग सुरेशचंदकडे वळले. "शेत उताराला आहे. पाणी कुठून येतं, कुठे जातं, ते आधी पाहून या. दोघं जा."

सुरेशचंदला वाटलं, आपण आणि ड्राफ्ट्समन. तो चपला घालू लागला.

"तू आणि बीनणी," शेठजी म्हणाले, आणि पुन्हा सुपारी कातरू लागले.

चंद्रकांता स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मोहनबाईंनी तिच्या हातातली परात ओढून घेतली आणि म्हणाल्या, "मी बघते. जा तू, ऊन चढायच्या आत परत या."